अठरावी तार

सोमवार, ३ मार्च

डॉक्टर म्हणाला, राग आला की बोलू नका, लिहून काढा. दंडाला पट्टा आवळून बसलेल्या माणसाला कुणीही काहीही ऐकवावं. तरी वही आणली. ही म्हणाली, तुमच्यासाठी दोनशे पानी तरी आणायची होती. मी उलट बोललो नाही, म्हणजे औषध लागू पडतंय.

आज बंदरातून बोलावणं आलं. गाळ उपसायच्या यंत्राच्या पंज्यात मागच्या आठवड्यात विमानाच्या पंखाचा तुकडा अडकून वर आला. बंदराच्या तोंडाशी, गाळात, युद्धातलं बॉम्बफेकी विमान पडलंय. तसली विमानं युद्धानंतरही वीसेक वर्षं उडत होती. ती उघडून पुन्हा जोडलेला फिटर आता गावात मी एकटाच उरलोय, म्हणून मला विचारलं.

युद्धाच्या शेवटच्या वर्षी इथल्या तळावरून एकाच सकाळी दोन विमानं उडाली आणि दोन्ही परतली नाहीत. एकेकात पाच माणसं. खाली पडलंय ते त्यातलं कुठलं, हे मी सांगायचं. सांगता आलं तर सैन्याची माणसं येऊन बॉम्ब काढतील आणि आतल्यांचं जे काही उरलं असेल ते वर आणून घरच्यांच्या हाती देतील. नाही सांगता आलं तर जहाजांची वाट मोकळी करायला एकतीस तारखेला सगळं सुरुंगाने उडवणार.

त्यातल्या एका विमानाचे वैमानिक माझे बाबा होते. त्या सकाळनंतर दोन महिन्यांनी मी जन्मलो. फोटोपलीकडे मी त्यांना पाहिलेलं नाही. हे विमान त्यांचंच असलं पाहिजे. असलं पाहिजे कसलं, आहेच.

गुरुवार, ६ मार्च

बंदरातली तीन नंबरची शेड मला दिलीय. वर पत्रा, खाली फरशी, मधे लाकडी घोडे आणि त्यांवर आमचं भंगार. गोड्या पाण्याचा पाइप दिवसभर चालू, नाहीतर वर आलेल्या ॲल्युमिनियमचा हवा लागली की पिठासारखा भुगा होतो.

बंदराच्या साहेबाला मी मनातल्या मनात शिक्का म्हणतो. त्याला दोन वेगवेगळ्या जागचे दोन पुरावे हवेत, आणि दोन्ही एकच बोलले पाहिजेत. पंखाच्या पत्र्यावर आमच्या, म्हणजे बाबांच्या, विमानाचा नंबर निघाला. मी खूश. संध्याकाळी इंजिनावरची पट्टी घासली तर तिच्यावर दुसऱ्या विमानाचा नंबर. शिक्का लगेच म्हणाला, मग 'अनिश्चित' लिहू या.

मी त्याला समजावलं की युद्धात एकाचं इंजिन काढून दुसऱ्याला बसवायचे, रोजचं होतं ते. माझे काका तेव्हा तळावर होते, ते सांगायचे. तो म्हणाला, तुमचे काका सांगायचे हा पुरावा होत नाही. माझ्या हातात बारा नंबरचा पाना होता. तो मी फेकला. शिक्क्याला नाही मारला, खिडकीला मारला. काच गेली. शिक्क्याचा चेहरा पांढरा पडला आणि मला बरं वाटलं, हे खरं लिहितो.

मंगळवार, ११ मार्च

आज पाणकोंबड्याची दोन बोटं गेली. पाणकोंबडा म्हणजे आमचा पाणबुड्या, चाळिशीचा आहे, दिवसातून चार वेळा खाली जातो. खाली काही दिसत नाही, सगळं हाताने चाचपायचं. फाटलेल्या पत्र्याची कड विळ्यासारखी असते. एक मोठा तुकडा घसरला आणि त्याचा हात त्याखाली सापडला. वर आला तेव्हा हातमोज्यातून रक्ताची धार लागली होती आणि मोज्याची दोन बोटं लोंबत होती. मी त्याचा दंड आवळून धरून गाडीत बसलो. शेडपासून दवाखान्यापर्यंत तो एकच सांगत होता. "दादा, पुढच्या खोलीत बूट आहेत. रिकामे नाहीत."

घरी आईला बोटांचं सांगितलं, बुटांचं नाही. आईचा डावा कान लहानपणी तापात गेलाय, म्हणून मी नेहमी उजवीकडे बसून बोलतो. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, उडवणार कधी. एकतीसला म्हटलं. म्हणाली, उडवू देत की. इतकी वर्षं झाली, कशाला हात कापून घेता लोकांचे.

म्हातारपणी माणसं मऊ होतात. पाणकोंबड्याची तिला दया आली.

गुरुवार, १३ मार्च

पाणकोंबड्याचा जोडीदार पुढची खोली उचलायला लागला. आज वैमानिकाचा स्टिअरिंगचा दांडा आला, चाकासकट. त्याचं चाक वैमानिकाच्या अंगाकडे वाकलंय. आदळताना माणूस पुढे फेकला जातो, तेव्हा चाक पुढे वाकायला हवं. हे मागे वाकलंय, दोन्ही बाजूंनी, हाताच्या पंजाएवढ्या जागेत. म्हणजे बाबांनी ते जिवाच्या आकांताने स्वतःकडे ओढलं. शेजारी बसलेल्यानेही ओढलं असणार, एकट्याचं काम नाही ते. दांडा मागे जिथे अडतो तिथल्या लोखंडी टेकूला सात-आठ खड्डे पडलेत. इतक्या वेळा आपटलाय.

विमानाचं नाक वर यावं म्हणून तो दांडा ओढायचा असतो. तो पार मागे टेकला होता तरी नाक का आलं नाही, हे मला कळलं नाही. शेपटीला मार बसला असेल.

मी ते चाक मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो. शेवटपर्यंत हार न मानणारा माणूस होता माझा बाप. आमच्या घरात सगळे असेच, तापट आणि चिवट. काका तेवढे वेगळे. बाबांचे धाकटे भाऊ, तळावर फिटर. लग्न केलं नाही, मला वाढवलं, कामाला लावलं, आणि सहा वर्षांपूर्वी झोपेत गेले. मुंगी चिरडायची तरी आधी तिची परवानगी विचारली असती त्यांनी.

शनिवार, १५ मार्च

शेडच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. सत्तरी उलटलेली, पाठ ताठ. आमच्या विमानातल्या रेडिओवाल्याची बहीण. भाऊ गेला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या आणि तो वीस. कुणीतरी त्यांना सांगितलं की विमान सापडलंय. शिक्क्याने बाहेर काढायला माणूस पाठवला, मी त्याला परत पाठवला.

त्यांना तुकड्यांपाशी नेलं. त्यांनी कशाला हात लावला नाही. आई वेडी होऊन मेली, असं सरळ सांगितलं. रोज दार उघडं ठेवायची. मग मला म्हणाल्या, "तो कसा मेला तेवढं मला खरं सांगा. बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

मी शब्द दिला. शब्द द्यायला काय जातंय, असं तेव्हा वाटलं.

सोमवार, १७ मार्च

सापडलं!

शनिवारी शेपटी वर आली होती. आज तिच्यातला गाळ धुतला. शेपटीकडे जाणाऱ्या पोलादी केबली पार कुजल्यात, पण त्या जोडणारे टर्नबकल पितळेचे असतात. दोन केबलींची टोकं दोन्हीकडून आट्यांत फिरवायची, ताण बसला की मधल्या छिद्रातून पितळी तार ओवून पिळायची, म्हणजे उडताना हादऱ्याने आटे सुटत नाहीत. तार पिळल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही, हे काकांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं.

आणि काका डावरे. साऱ्या जगाची तार उजवीकडे पिळलेली, काकांची डावीकडे. मी उजवा असूनही त्यांचं बघून बघून डावीकडेच पिळतो. वर्कशॉपमध्ये सगळे हसायचे, याच्या घरचं घड्याळही उलटं चालतं म्हणायचे.

पहिल्या टर्नबकलवरचा हिरवा थर काढला आणि तारेचा पीळ डावीकडे. दुसऱ्याचा डावीकडे. मी लहान मुलासारखा ओरडलो. संध्याकाळपर्यंत अकरा झाले, अकराही डावीकडे. तळाच्या जुन्या रजिस्टरात आमच्या विमानाच्या केबलींपुढे काकांची सही आहे, अठरा टर्नबकल बसवल्याची. दुसऱ्या विमानापुढे दुसऱ्याची. वर्कशॉपच्या भिंतीवर काकांनी शिकाऊंसाठी केलेली फळी अजून टांगलेली आहे, तिच्यावर हाच पीळ. शिक्का भिंग घेऊन अर्धा तास बघत राहिला आणि म्हणाला, अठराही साफ करून दाखवा, मी सही करतो.

घरी जवळजवळ पळतच गेलो. आईला म्हटलं, बाबा सापडले, आणि काकांच्या हाताने सापडले. हिने माझ्या पाठीवर हात ठेवला. आई भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "सगळ्या तारा बघितल्यास?"

म्हटलं, उरलेल्या सात उद्या. तिने ताट बाजूला सारलं आणि भूक नाही म्हणून पडून राहिली. आनंदानेही भूक मरते.

बुधवार, १९ मार्च

काल सहा झाले. आज अठरावा. विमानाचं नाक उचलणाऱ्या केबलीचा तो टर्नबकल, सगळ्यात महत्त्वाचा. त्याला तार नाही.

आधी वाटलं, कुजली असेल. पण सतरा टिकल्या आणि हीच कशी कुजेल? भिंगाखाली धरला. छिद्रात तारेचा कपटा अडकून राहिलाय, अर्ध्या नखाएवढा. त्याचं टोक तुटलेलं नाही, ताणलेलं नाही. दोन्ही बाजूंनी दाबलेलं आहे, पाचरीसारखं. कटरने कापल्यावर असंच दिसतं. चाळीस वर्षं मी असली टोकं बघतोय. आटे तपासले. एका बाजूला दोनच आटे धरले होते. म्हणजे तार कापून कुणीतरी तो सैल केला आणि तसाच सोडून दिला. विमान उडलं असेल, चढलं असेल, हादरे बसले असतील, आणि मग सुटलं असेल. मग दांडा कितीही ओढा.

काकांच्या विमानाला कुणी हात लावला? शत्रूचा माणूस तळावर शिरला असेल. किंवा दुसरा कुणी फिटर असेल, काकांवर जळणारा.

घरी येऊन हेच बोलत होतो, जोरात बोलत होतो. ही म्हणाली, अहो, काकाच दुरुस्ती करता करता विसरले असतील, माणूस आहे.

माझा हात उठला. उलट्या हाताची बसली. ती ओट्यावर आदळली, ओठ फाटला, फरशीवर रक्त पडलं. मी मुद्दाम केलं नाही. काकांना विसरभोळा म्हणणं मला सहन झालं नाही, ते देवमाणूस होते. दिवसभराच्या ताणात माणसाला भान राहत नाही. वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळी होतं असं, रोज नाही. आई दारात उभी होती. तिने ओला फडका केला आणि हिच्या ओठाला लावला.

गुरुवार, २० मार्च

आज आईने सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहून ठेवतो.

सकाळी तिने मला समोर बसवलं. उजवीकडे नाही, समोर. म्हणाली, कान तापाने गेला नाही. तुझ्या बापाने लग्नानंतर चौथ्या महिन्यात फोडला. बोट मोडलं, दोन फासळ्या मोडल्या, एकदा केसांनी धरून विहिरीवर नेलं. मी म्हटलं, पुरे. ती म्हणाली, पुरे कसं, अजून तू यायचा आहेस. सातव्या महिन्यात त्याने तिच्या पोटात लाथ मारली. रक्त जायला लागलं. काकांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. काकांनी बाबांना एका शब्दाने विचारलं नाही. बाबांसमोर उभं राहायची कुणाचीच छाती नव्हती. काका नुसते तिच्याकडे बघायचे.

दुरुस्तीनंतर सकाळी वैमानिक एकटाच चाचणीला उडायचा, तशी पद्धत होती. काकांनी पहाटे तार कापली. बाबा एकटे जातील, असं धरून. पण त्या सकाळी तळावर हुकूम आला. चाचणी रद्द, बॉम्ब भरा, निघा. पाचही जण चढले. काका धावपट्टीच्या कडेला उभे होते.

मी विचारलं, ओरडले का नाहीत?

"तेच तो मला आयुष्यभर विचारत राहिला," आई म्हणाली. "तोंड उघडलं होतं म्हणे. आवाज फुटला नाही."

त्याच दिवशी त्यांनी तिला सांगितलं. मग दोघं अठ्ठावन्न वर्षं गप्प. म्हणजे काका गेले तोवर दोघं, पुढे आई एकटी. मला काकांची किळस आली, आणि काका हवेसेही वाटले, एकाच वेळी. चार पोरं मारली त्यांनी. त्यांना भावाचा गळा धरता आला नाही म्हणून चार परकी पोरं. आणि मी त्यामुळे जगलो. मी टेबलावर मुठी आपटल्या, पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. आई हलली नाही.

म्हणाली, "काल हिचा ओठ पुसत होते तेव्हा एकच मनात आलं. बिचारीला दीर नाही."

माझी आई, जन्मदाती. मी विचारलं, तू माझ्या मरणाची गोष्ट करतेस? तिने नाही म्हटलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

ही मुलीकडे गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा न सांगता. सांगायला आई होती. म्हणाली, मीही तिच्याबरोबर जातेय, माझी औषधं तेवढी काढून दे. मी विचारलं, मग अहवालात काय लिहू. "ते तुझं तू बघ. मी पुष्कळ गप्प बसले," म्हणाली आणि चपला घातल्या.

रिक्षात बसताना हिने आईचा हात धरला होता. हिच्या ओठाला दोन टाके. माझ्याकडे दोघींनीही पाहिलं नाही.

सोमवार, २४ मार्च

तीन दिवस लिहिलं नाही. घरात बोलायलाही कुणी नाही आणि ओरडायलाही.

आज टर्नबकल खिशात घालून धक्क्याच्या टोकाला गेलो. सतराही पुरेसे आहेत, आज सकाळी शिक्का स्वतःच तसं म्हणाला. अठरावा मिळाला नाही म्हणायचं, बुडालेल्या विमानातलं सगळंच थोडं मिळतं? विमान आमचं ठरतं, पाचही जण वर येतात, काका देवमाणूस राहतात, बाबा हार न मानणारे राहतात. कुणाचं काय बिघडलं?

हात मागे नेला होता. मग त्या रेडिओवाल्याच्या बहिणीचं बोलणं आठवलं, बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. आणि राग आला. तिच्यावर नाही, काकांवर, त्या न फुटलेल्या आवाजावर. आपणही तेच करायचं? तोंड उघडून उभं राहायचं नुसतं?

शेडमध्ये परत गेलो आणि लिहिलं. सतरा तारा कुणी पिळल्या, अठरावी कुणी कापली, कशी, आणि का. का लिहिताना बाबांचं लिहावं लागलं. आईचा कान, फासळ्या, लाथ. ही माहिती कुठून मिळाली असा रकाना होता. त्यात लिहिलं, मृत वैमानिकाची पत्नी, माझी आई. शिक्क्याने दोनदा वाचलं. म्हणाला, हे सगळं लिहायची गरज नव्हती. मी म्हटलं, सही करा.

त्याने केली.

शनिवार, १९ एप्रिल

सैन्याची माणसं तीन आठवडे खाली होती. एकतीस तारखेला काही उडालं नाही. बॉम्ब एकेक करून काढले आणि लांब समुद्रात नेऊन फोडले, शेडच्या उरलेल्या काचाही गेल्या. पाचही जण मिळाले. पुढच्या खोलीतले दोघं एकमेकांत अडकलेले होते, शेजारच्याचा हात बाबांच्या हातावर, चाक जिथे होतं तिथे. ते वेगळं करायला दोन दिवस लागले.

आज शेडमध्ये पेट्या दिल्या. पाच लाकडी पेट्या, टेबलावर ओळीने. चार घरची माणसं आली होती. अहवाल सगळ्यांना आधीच पाठवलेला होता. मी एका कोपऱ्यात उभा होतो, आणि माझ्याभोवती दहा पावलांची जागा आपोआप रिकामी झाली होती. आईला निरोप पाठवला होता. तिने उलट काही कळवलं नाही.

रेडिओवाल्याची बहीण सरळ माझ्याकडे आली.

"खरं सांगितलंत," म्हणाली, आणि माझ्या थोबाडीत मारली. म्हाताऱ्या बाईचा हात, पण कान वाजला. पाणकोंबडा धावला, त्याला मी थांबवलं. तिने दुसऱ्यांदा मारली. माझ्यावर आजवर कुणी हात उगारलेला नव्हता. काकांनी तर कधीच नाही.

तिसऱ्यांदा तिचा हात वर गेला तेव्हा माझे डोळे आपोआप घट्ट मिटले आणि मान खांद्यात गेली. ही अशीच करते. तीस वर्षं बघतोय. मी नुसता हात पुढे करून मीठ मागितलं तरी करते. मला वाटायचं, ढोंग करते.

फटका बसला नाही. डोळे उघडले तेव्हा ती भावाची पेटी छातीशी धरून दाराकडे निघाली होती. बाकीचेही आपापली पेटी घेऊन एकेक करून गेले. टेबलावर एक उरली. मला ती उचलवेना. पाणकोंबड्याने तीन बोटांच्या हाताने एक बाजू धरली, दुसरी मी धरली, आणि आम्ही ती बाहेर नेली.